कारखान्याचा हिशेब सप्टेंबरात नको, दर महिन्याला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जुलैला सीए दिन झाला. त्या आठवड्यात आपल्या दैनिकात रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, ज्येष्ठ सीएंचा सत्कार अशा बातम्या वाचल्या. १९४९ साली याच तारखेला सनदी लेखापालांची संस्था उभी राहिली आणि २०१७ साली याच तारखेला जीएसटी लागू झाला, त्यामुळे आम्हा हिशेबवाल्यांना हा दिवस विसरता येत नाही. बातम्या चांगल्याच होत्या. पण ही मंडळी उरलेलं वर्षभर शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यांसाठी काय करतात, ते कुठेच आलं नाही. ते मी रोज जवळून बघते, म्हणून हे पत्र.

मी सीए नाही. बी.कॉम. झाल्यावर १९९४ पासून कोल्हापुरात पार्टटाइम अकाउंटंट म्हणून काम करते. सुरुवात कीर्द-खतावणीच्या लाल वह्यांनी झाली, पुढे संगणक आला, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं. आज माझ्याकडे सहा कारखाने आणि शाहूपुरीतलं एक दुकान आहे. कुठे आठवड्यातून दोनदा जाते, कुठे एकदाच. सकाळी स्कूटीवरून पंचगंगेच्या पुलापलीकडे शिरोली, जेवणाचा डबा तिथेच, आणि दुपारी शहर ओलांडून गोकुळ शिरगाव, असा माझा बहुतेक दिवस असतो. बिलं चढवणं, बँकेचा ताळमेळ, पगारपत्रक, पीएफचं चलन, जीएसटीची आकडेवारी ही माझी कामं. त्यापुढचं, म्हणजे ऑडिट, रिटर्न, बँकेचे कागद आणि सल्ला, हे सीए सरांचं ऑफिस बघतं. या सातपैकी पाच ठिकाणी एकच सीए सर आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, आणि माझंही छापू नका ही विनंती, कारण माझं नाव कळलं की कारखाने ओळखू येतील.

दर मार्चला कुठला ना कुठला मालक मला विचारतो, "ताई, टॅली आहे, पोर्टल आहे, तुम्ही आहात. मग सीएला वर्षाला एवढे पैसे कशाला द्यायचे?" मी तेव्हा त्यांना शिरोलीतल्या एका कारखान्याची गोष्ट सांगते. तीच इथे सविस्तर सांगते.

तीन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी, धातू कापून सुटे भाग घडवणारी मशीन), अकरा माणसं. मोठ्या कंपनीचे सुटे भाग मशीनिंग करून द्यायचे. मालक आयटीआय झालेला, वीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहून मग स्वतःचं शेड घेतलेला. हात इतका तयार की टूल कास्टिंगला (ओतीव भागाला) टेकल्याचा आवाज ऐकून इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलाय का चालतोय ते सांगतो. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी तो चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "ताई, मशीन एक दिवस थांबत नाही. बिलं वेळेवर जातात. मग पगाराच्या दिवशी बँकेत पैसे का नसतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वह्या चोख होत्या, बँकेचा ताळमेळ लागत होता, टॅलीत नफा दिसत होता. मी सीए सरांना फोन केला. ऑडिटचे दिवस नव्हते, रिटर्नची तारीख जवळ नव्हती, तरी सर त्या शनिवारी दुपारी स्वतः आले. त्यांनी टॅली उघडायला सांगितली नाही. ऑपरेटर रोज संध्याकाळी ज्या वहीत किती नग झाले ते लिहितात, ती वही मागितली. तेलाच्या बोटांचे डाग पडलेली, कव्हर निघालेली वही. आम्ही तिघं खुर्च्या ओढून व्हीएमसीशेजारीच बसलो.

मालकाचा हिशेब असा होता. व्हीएमसीवर एका फ्लँजला (पाइप जोडायच्या चकतीला) सात मिनिटं लागतात, म्हणजे तासाला आठ नग, आठ तासांत चौसष्ट. कंपनीकडून मिळणारा दर नगाला ८६ रुपये. सरांनी महिनाभराची पानं उलटवली. एका शिफ्टला सरासरी ४६ चांगले नग निघत होते. सात मिनिटांत मशीन चालल्याचा वेळ धरला होता. नग लावणं-काढणं, मापं तपासणं, इन्सर्ट बदलणं, वीज गेल्यावर पुन्हा सेटिंग करणं, हा वेळ कुणी धरलाच नव्हता. शिवाय कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आतली पोकळी) निघाला तर मशीनिंग फुकट जायचं, त्याचे पैसे कंपनी देत नव्हती.

मग खर्च. मालक मशीनच्या कर्जाचा हप्ता खर्चात धरत होता आणि हप्ता संपला की मशीन फुकट चालणार असं मानत होता. सरांनी त्याला कागदावर दोन रकाने करून दाखवलं. हप्त्यातली मुद्दल ही परतफेड आहे, खर्च नाही. खर्च म्हणजे व्याज आणि घसारा. मशीन दररोज थोडं झिजतं, आणि ती झीज ज्याने दरात धरली नाही त्याच्याकडे दहा वर्षांनी नवं मशीन घ्यायला पैसा नसतो. घसारा आणि व्याज ३८,००० रुपये, ऑपरेटर आणि मदतनीस २४,०००, वीज १४,०००, टूल आणि कूलंट १६,०००, आणि शेडचं भाडं, तपासणी, टेम्पो, ऑफिस (यात माझा पगारही आला) यातला या मशीनचा वाटा २०,०००. महिन्याला १ लाख १२ हजार. पंचवीस शिफ्ट, म्हणजे एका शिफ्टला ४,४८०.

चौसष्ट नग निघाले असते तर नगाला ७० रुपये खर्च आला असता आणि १६ रुपये सुटले असते. निघत होते शेहेचाळीस, म्हणजे नगाला ९७ रुपयांच्या वर. दर ८६. प्रत्येक नगामागे अकरा रुपये पदरचे जात होते, आणि मालक मोठ्या उमेदीने त्याच कामाची ऑर्डर वाढवून मागत होता.

मला त्या दुपारची एक गोष्ट आजही आठवते. आकडा कागदावर आला तेव्हा मालक उठला, व्हीएमसीजवळ जाऊन उभा राहिला आणि घड्याळ लावून एक नग पूर्ण होईपर्यंत बघत राहिला. परत येऊन म्हणाला, "साडेनऊ मिनिटं." म्हणजे वीज आणि इन्सर्ट सोडूनही सात मिनिटांचं गणित मुळातच चुकलं होतं. पाच वर्षं तो त्याच मशीनशेजारी उभा होता. त्याची नजर कामावर होती, आणि तिथेच असायला हवी होती. नग मोजणारं, त्याला पैशांची जोड देणारं माणूस वेगळं लागतं.

हा तोटा आधी का दिसला नाही, तर बाकीच्या मशीनवरचं काम नफ्यात होतं आणि ते याचं ओझं ओढत होतं. दुसरं म्हणजे कंपनी बिलासोबत जी जीएसटीची रक्कम देते ती पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आपल्या खात्यात पडून असते. ती सरकारची आहे हे माहीत असूनही शिल्लक बघताना माणूस ती आपलीच समजतो. तिसरं, टूलवाल्याची उधारी हळूहळू वाढत होती. ही तिन्ही ठिकाणं माझ्या वहीत होती. मी ती वेगवेगळ्या पानांवर नीट लिहिली होती, पण एकत्र मांडली नव्हती. माझ्यासारख्या अकाउंटंटला नोंद करता येते. ती पानं शेजारी-शेजारी ठेवून बोलतं करायला जे शिक्षण लागतं ते सीए सरांकडे होतं, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पुढे मालक आणि सर तोच कागद घेऊन कंपनीत गेले. भांडायला नाही, फक्त दाखवायला. दर ९४ झाला. मालकाने स्वतःच्या डोक्याने एका वेळी दोन नग बसतील असं फिक्श्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) केलं आणि शिफ्टला अठ्ठावन्न नग निघायला लागले, म्हणजे खर्च ७७ रुपयांवर आला. तीन महिने गेले यात. त्या शनिवारचे सरांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. मला ते योग्य वाटत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरी गोष्ट गोकुळ शिरगावातली. रबरी सील आणि बुश करणारे दोघे भाऊ. त्यांनी बाहेरून १२ लाख रुपये शेकडा दोनने उचलले होते. महिन्याला २४,००० व्याज, वर्षाला २ लाख ८८ हजार, आणि मुद्दल होती तिथेच. बँकेत का गेला नाहीत विचारलं तर म्हणाले, तारण ठेवायला जागा नाही, शेड भाड्याचं आहे. त्यांना दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक म्हणजे नायक समितीच्या शिफारशीवरून रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला नियम: छोट्या उद्योगाच्या अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल बँकेने द्यावं. त्यांची अपेक्षित उलाढाल दीड कोटीची होती, म्हणजे ३० लाखांची मागणी रास्त ठरत होती. दुसरी म्हणजे तारण नसलेल्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला हमी देणारा, २००० साली स्थापन झालेला सीजीटीएमएसई ट्रस्ट. थोडी हमी फी द्यावी लागते, पण घरातल्या बाईचे दागिने आणि गावाकडची जमीन वाचते.

नियम असला तरी बँकेत तोंडी काही चालत नाही. मागच्या वर्षांचे ताळेबंद, पुढचा अंदाज, येणं किती दिवसांत येतं, माल किती दिवस पडून राहतो, हे सगळं बँकेच्या नमुन्यात मांडावं लागतं. त्याला सीएमए डेटा म्हणतात. सरांच्या ऑफिसातल्या एका आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलीने आणि मी आठ दिवस बसून तो केला. बँकेने २५ लाखांची सीसी (खेळत्या भांडवलासाठीचं कॅश क्रेडिट) मंजूर केली. सावकाराचे पैसे ज्या दिवशी फेडले त्या दिवशी धाकटा भाऊ मला स्टँडपर्यंत सोडायला आला, माझी स्कूटी दुरुस्तीला होती म्हणून. वाटेत काहीच बोलला नाही. उतरताना फक्त म्हणाला, "आता रात्री झोप लागंल."

सीसी मिळाली की दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल ते, ठरते, आणि बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनं येणं त्यात धरत नाहीत. इथे मोह होतो. "ताई, स्टॉक जरा वाढवून दाखवा" असं मला अनेकांनी म्हटलं आहे. मी नाही म्हणते, आणि सर माझ्या पाठीशी उभे राहतात, म्हणून मला नाही म्हणता येतं. एका मालकाने याच कारणावरून माझं काम बंद केलं होतं. मला त्या पगाराची गरज होती, तेव्हा सरांनी "तुमचं बरोबर आहे" म्हटलं आणि दुसरीकडे काम बघून दिलं.

आता ४५ दिवसांच्या नियमाबद्दल. यावर आपल्या दैनिकात बरंच छापून आलं, पण कारखान्यात काय घडलं ते आलं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात पहिल्यापासून लिहिलेलं आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सतरा वर्षं हे कागदावर राहिलं, कारण ज्याच्याकडून ऑर्डर येते त्याच्यावर तक्रार कोण करणार? मग २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या ४३बी कलमात नवं पोटकलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चलाही ते बाकीच राहिले, तर घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. जेव्हा प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच मिळतो.

मार्च २०२४ मध्ये माझ्या एका कारखान्याचे ७ लाख ४० हजार अडकले होते, डिसेंबर-जानेवारीची बिलं. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ९० दिवस छापलेले. त्या कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला, "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करून घ्या, नाहीतर पुढचं काम अवघड आहे." उद्यम म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंदणी. मालक घाबरला आणि ती रद्द करायला निघाला होता. सरांनी त्याला थांबवलं. उद्यम गेलं की बँकेची सीसी, हमी, सगळंच अडचणीत येईल, हे समजावलं आणि कंपनीच्या अकाउंट विभागाला एक पानी पत्र लिहून दिलं. भाषा अतिशय सौम्य. उद्यम प्रमाणपत्राची प्रत, बिलांची यादी, प्रत्येक बिलाचा पंचेचाळिसावा दिवस कुठला त्याची तारीख, आणि शेवटी सहकार्याची विनंती. २८ मार्चला ५ लाख ९० हजार जमा झाले, उरलेले एप्रिलमध्ये. सगळं सांगायचं तर हेही सांगते की सहा महिन्यांनी त्या कंपनीने या कारखान्याचं एक काम काढून दुसरीकडे दिलं. मालकाला ते अजून बोचतं, मलाही बोचतं.

म्हणूनच मला वाटतं की या कायद्याची खरी ताकद विकणाऱ्याच्या तक्रारीत नाही, घेणाऱ्याच्या ऑडिटरच्या लेखणीत आहे. मोठ्या कंपनीला आपल्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये लघुउद्योगांचं देणं किती थकलं, व्याज किती झालं ते दाखवावं लागतं. ४५ दिवसांपुढचं देणं कंपनी निबंधकाकडे वर्षातून दोनदा कळवावं लागतं. ती ओळ भरताना तिथल्या सीएने "पुरवठादारांपैकी उद्यम कोण आहेत ते दाखवा" एवढं जरी नीट विचारलं, तरी शिरोलीतल्या शेडमध्ये पगार वेळेवर होतात. तो सीए आमच्या मालकाला कधी भेटणार नाही. पण त्याच्या त्या एका प्रश्नावर इथल्या अकरा घरांचा किराणा अवलंबून असतो. आपल्या वाचकांमध्ये मोठ्या कंपन्यांचे लेखापरीक्षक नक्की असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ती यादी कोरी सोडू नका.

जाता जाता, आमच्या शेजारच्या हार्डवेअर दुकानदारालाही हा नियम आपल्याला लागू आहे असं वाटत होतं. व्यापाऱ्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं आहे, या ४५ दिवसांचा लाभ त्यांना नाही. असे गैरसमज खूप आहेत.

जीएसटीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर सगळेच बोलतात. माझ्यासाठी महिन्याची महत्त्वाची तारीख १४. त्या दिवशी जीएसटी पोर्टलवर २बी हे विवरण येतं, म्हणजे आपल्या पुरवठादारांनी कुठली बिलं भरली ते दिसतं. ज्याने भरलं नाही त्याच्या बिलावरचा कर आपण दिलेला असूनही वजा मिळत नाही. म्हणून १४ ते २० मी फोन करत असते. वेळेवर एक फोन केला की दहा-वीस हजार वाचतात, आणि वर्षभर केला नाही तर नोटीस येते. इतकं साधं आहे ते.

शाहूपुरीतल्या दुकानाची मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, बेअरिंग, बेल्ट, सील सगळं पाण्याखाली. त्याच्या आदल्या वर्षी ऑडिटच्या वेळी सरांनी एक आकडा पकडला होता. ताळेबंदात शिल्लक माल २१ लाखांचा आणि विमा मात्र १० लाखांचा, कितीतरी वर्षं तसाच नूतनीकरण होत आलेला. सरांनी मालकांना बसवून सांगितलं की निम्म्या मालाचा विमा असेल तर नुकसानही निम्मंच मिळतं, पाच लाखांचा माल भिजला तरी पूर्ण पाच लाख मिळत नाहीत. मालकांनी थोडी कुरकुर केली, पण विमा वाढवला. पुरानंतर सर्व्हेअर आला तेव्हा माझ्या घरी पेनड्राइव्हवर जुलैअखेरचा स्टॉक आणि खरेदीची बिलं होती, कारण दर शनिवारी डेटा घरी न्यायचा ही सरांचीच सक्ती होती. दावा मंजूर झाला. त्याच ओळीतल्या दुसऱ्या एका दुकानदाराचा माल आमच्यापेक्षा जास्त गेला. त्यांच्या वह्या दुकानातच होत्या, त्या लगदा झाल्या. त्या काकांना मी चिखलात बसून आठवेल तसा माल कागदावर लिहिताना पाहिलं आहे. चाळीस वर्षांचं दुकान. ते आठवलं की आजही मला भरून येतं.

हे सगळं लिहिताना व्यवसायाची दुसरी बाजू झाकणं बरोबर होणार नाही. काही ठिकाणी ताळेबंद न उघडताच सही होते. काही ऑफिसांत मालकाला वर्षभर सर भेटत नाहीत, आर्टिकलच फोन उचलतो. माझ्याच एका कारखान्यात पूर्वीच्या ऑडिटरने तीन वर्षं मालाचा आकडा प्रत्यक्ष न बघता तोच पुढे ओढला होता, आणि तो दुरुस्त करताना मालकाला मोठा भुर्दंड पडला. यात मालकांचाही दोष आहे. वर्षभर वही बघायची नाही आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिलांची पिशवी नेऊन ठेवायची. ३० तारखेला टॅक्स ऑडिटची मुदत. त्या गर्दीत सीए तरी काय सल्ला देणार? तो फक्त तारीख गाठतो.

त्यात आता आणखी एक. उलाढाल ३ कोटींपर्यंत असेल आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर पक्क्या वह्या न ठेवता ठरावीक टक्क्याने नफा दाखवून कर भरता येतो. सोय चांगली आहे. पण त्यामुळे "आपल्याला अकाउंट लागत नाही" असं म्हणणारे मालक वाढले आहेत. कायद्याने वही माफ केली ती सरकारला दाखवण्यापुरती. फ्लँजमागे अकरा रुपये जातात की सोळा येतात, हे त्या टक्केवारीतून कुणाला कळणार?

आणि पैशांबद्दल. छोट्या कारखान्यात सीएची फी म्हणजे "रिटर्नचे किती, ऑडिटचे किती" एवढीच ठरते. त्या शनिवारसारख्या दुपारचे कुणी देत नाही आणि सर मागत नाहीत. जे काम फुकट होतं ते कायम शेवटी होतं, हे मी तीस वर्षं बघते आहे. महिन्याला एक तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या फीत, मालक, सीए आणि अकाउंटंट तिघांनी एकत्र बसायचं, एवढी पद्धत पडली तर अर्धे प्रश्न मार्चपर्यंत पोहोचणारच नाहीत. माझ्याकडच्या दोन कारखान्यांनी ही पद्धत सुरू केली आहे. दर महिन्याचा दुसरा शनिवार, अकरा वाजता, मोबाइल बाजूला. पहिले दोन महिने मालकांना अवघडल्यासारखं झालं. आता एखाद्या शनिवारी सर बाहेरगावी असले तर मालकच मला विचारतात, "मग कधी बसायचं?"

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. आपल्या उद्योगविषयक पानावर पंधरा दिवसांतून एकदा छोट्या कारखानदारांचे हिशेबाचे प्रश्न आणि स्थानिक सीएंची उत्तरं छापा. कलमांचे आकडे कमी, आणि आमच्याच औद्योगिक वसाहतींतली उदाहरणं जास्त. दुसरी मागणी आपल्यामार्फत सीए संस्थेच्या कोल्हापूर शाखेला. महिन्यातली एक दुपार शिरोलीत, एक गोकुळ शिरगावात, तिथल्या उद्योजकांच्या सभागृहात टेबल टाकून बसा. भाषणं नकोत, मालक आपापली वही घेऊन येतील. शक्य झालं तर माझ्यासारख्या पार्टटाइम अकाउंटंटनाही बोलवा. आमच्यापैकी बहुतेकींना कुणी कधी काही शिकवलेलं नाही, आम्ही चुकत-चुकत शिकलो.

असा दिवस ठरला तर पहिल्या दिवशी मी तीन मालकांना घेऊन येईन. त्यातला एक उद्यमनगरातला पस्तिशीचा मुलगा आहे, वडिलांच्या जुन्या लेथवर काम करतो आणि आता सीएनसी घ्यायचं म्हणतोय. त्याने कोटेशन आणलं आहे, हप्ता काढला आहे. मी त्याला विचारलं, शिफ्टला चांगले नग किती निघतील? तो म्हणाला, "तासाला दहा, म्हणजे ऐंशी." त्याला घेऊन यायचं आहे.

आपली नम्र,
एक पार्टटाइम अकाउंटंट, कोल्हापूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे)